गुठळीची लांब वाट : प्रस्तावना

कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात अर्धांगाची बातमी ठरावीक शब्दांत येते. 'काल रात्री जेवून झोपला, सकाळी उठला तर अंगावरून वारं गेलेलं.' ऐकणारा हळहळतो, कोणत्या दवाखान्यात नेले ते विचारतो आणि विषय संपतो. जे अचानक आले त्याला कोण काय करणार, अशी त्यामागची समजूत असते.

या पुस्तकाचा विषय असलेले अर्धांग अचानक येत नाही. हृदयाचे ठोके अनियमित होतात, हृदयाच्या एका कोपऱ्यात रक्ताची गुठळी धरते, ती सुटते आणि मेंदूच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकते. यातली शेवटची पायरी काही सेकंदांची असते. तिच्याआधीच्या पायऱ्या कधी दहा वर्षांच्या असतात, कधी तीस वर्षांच्या. गुठळीची ही वाट जिल्हा परिषदेच्या शाळेतून, प्राथमिक आरोग्य केंद्रातून, बाळंतपणाच्या खोलीतून आणि मेडिकल दुकानाच्या काउंटरवरून जाते. यातल्या प्रत्येक ठिकाणी ती अडवता येते, तीही फारसा खर्च न करता. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात ही वाट नीट दाखवणे, एवढेच या प्रस्तावनेचे काम आहे.

हे दोन जिल्हे एकत्र घेण्याला कारण आहे. १९४९ मध्ये साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले, आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. कागदावर सीमा पडली, पण माणसांच्या येण्याजाण्याला ती पडली नाही. पाटणचा रुग्ण कऱ्हाडला येतो, कडेगावचाही कऱ्हाडला येतो, आणि आटपाडी-जतचा रुग्ण मिरजेला जातो. पश्चिमेला सह्याद्रीचा पाऊस आणि पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जतचा दुष्काळ, मधे उसाचा पट्टा. अशा एकाच मुलखात आजाराची दोन टोके शेजारी दिसतात.

आधी हृदयात नेमके काय घडते ते पाहू. हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंदे आणि खालचे दोन म्हणजे निलये. उजव्या अलिंदातल्या एका छोट्या पेशीसमूहातून विजेचा संदेश निघतो, आधी अलिंदे आकुंचन पावतात, मग निलये, आणि मनगटाला एक ठोका लागतो. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात अलिंदांमध्ये मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे इतके विस्कळीत संदेश फिरू लागतात. अलिंद आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरते. सगळे संदेश खाली पोहोचत नाहीत. जे पोहोचतात त्यांना कसलाही ताल नसतो. म्हणून नाडी एकदा भरभर, एकदा सावकाश, एक ठोका जोराचा, पुढचा जेमतेम, अशी चालते.

थरथरणाऱ्या अलिंदातले रक्त पूर्वीच्या जोराने पुढे ढकलले जात नाही. डाव्या अलिंदाला बोटाच्या आकाराची एक पिशवी असते. ओढ्याचा प्रवाह मंदावला की वळणावरच्या डोहात गाळ बसतो, तसे या पिशवीत रक्त रेंगाळते आणि गोठते. झडपेचा आजार नसलेल्या रुग्णांत डाव्या अलिंदातल्या दहापैकी नऊ गुठळ्या या एका पिशवीत सापडतात. मंदावलेला प्रवाह, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला झालेली इजा आणि रक्ताचा गोठण्याकडे वाढलेला कल ही गुठळीची तीन कारणे बर्लिनच्या रुडॉल्फ फिरखो यांच्या १८५६ मधल्या लेखनापासून वैद्यकात रूढ झाली. या विकारात ती तिन्ही कमीअधिक प्रमाणात एकत्र येतात.

सुटलेली गुठळी डाव्या निलयातून महाधमनीत येते आणि रक्त नेईल तिकडे जाते. बहुतेक वेळा ती मेंदूकडे जाते. ती आकाराने मोठी असते, त्यामुळे मोठी रक्तवाहिनी बंद करते. म्हणूनच या विकारातून येणारे अर्धांग इतर अर्धांगांपेक्षा जास्त भाग निकामी करते आणि जास्त जीव घेते. गुठळी पायात गेली तर पाय एकाएकी प्रचंड दुखू लागतो, गार आणि पांढरा पडतो. आतड्याच्या धमनीत गेली तर पोट असह्य दुखते, पण दाबून पाहिले तर मऊ लागते. पायाचे दुखणे 'शीर आखडली' म्हणून आणि पोटाचे दुखणे 'पित्त' म्हणून घरी काढले जाते. पाय वाचवायला सुमारे सहा तासच हातात असतात. तेवढ्यात शल्यचिकित्सकाकडे पोहोचले तर टोकाला फुगा असलेली बारीक नळी धमनीत घालून गुठळी ओढून काढता येते. १९६३ मध्ये अमेरिकेत टॉमस फोगर्टी यांनी मांडलेली ही पद्धत आज जगभर नित्याची आहे.

अनियमित नाडी माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. शार्ङ्गधरसंहितेत नाडीची चाल साप, जळू, कावळा, बेडूक, हंस यांच्या चालीवरून ओळखायला सांगितली आहे, आणि थांबत थांबत चालणारी नाडी प्राणघातक मानली आहे. आधुनिक वैद्यकात या नाडीचा उगम शोधला तो इंग्लंडमधल्या बर्न्ली या गिरणगावातल्या जेम्स मॅकेन्झी या साध्या जनरल प्रॅक्टिशनरने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मनगट आणि मान यांवरची स्पंदने कागदावर उतरवणाऱ्या उपकरणाच्या आधारे, झडप आकसलेल्या रुग्णांत अलिंदाचे स्पंदन नाहीसे झाल्याचे त्यांनी टिपले. १९०९ मध्ये लंडनच्या टॉमस लुईस यांनी ईसीजीवर अलिंदाची थरथर दाखवून दिली. तिचा आणि अर्धांगाचा संबंध आकड्यांत मांडायला मात्र १९७८ उजाडावे लागले. अमेरिकेतल्या फ्रामिंगहॅम गावातल्या हजारो रहिवाशांची वर्षानुवर्षे नोंद ठेवणाऱ्या अभ्यासातून दिसले की एट्रियल फिब्रिलेशनमुळे अर्धांगाचा धोका पाचपटीहून जास्त होतो, आणि सांधेतापाने झडप खराब झालेली असेल तर तो सतरा पटीवर जातो.

या दोन आकड्यांमधल्या फरकात आपल्या भागाची कहाणी आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत हा विकार म्हाताऱ्यांचा आहे; तिथे सांधेतापाचा उल्लेख एका परिच्छेदात उरकतो. भारतात तसे नाही. इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीने २०११-१२ मध्ये देशातल्या २४ केंद्रांतून १५३७ रुग्णांची नोंद केली. त्यांचे सरासरी वय पंचावन्नच्या आत होते, निम्म्याहून किंचित जास्त स्त्रिया होत्या, आणि जवळजवळ ४८ टक्के रुग्णांच्या मुळाशी सांधेतापातून आलेला झडपेचा आजार होता. अनेक देशांतल्या रुग्णालयांच्या दुसऱ्या एका नोंदीत हे प्रमाण भारतात ३१.५ टक्के निघाले. त्याच नोंदीत उत्तर अमेरिकेत ते २.२ टक्के होते. म्हणजे इथे गुठळीला येण्याच्या दोन वाटा आहेत. एक वाट म्हातारपणाची, रक्तदाबाची आणि मधुमेहाची. दुसरी वाट बालपणीच्या घसादुखीची, आणि ती बहुतेक वेळा बाईच्या वाट्याला येते.

दुसरी वाट आधी पाहू, कारण ती लांब आहे आणि अडवायला सोपी आहे.

पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला घसा दुखून ताप येतो. स्ट्रेप्टोकोकस नावाचा जीवाणू त्याचे कारण असेल आणि पुरेसे औषध मिळाले नाही, तर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांत सांधेताप उद्भवतो. आज गुडघा सुजला, तो उतरला की घोटा, मग कोपर. सांधे बरे होतात, पण शरीराची जीवाणूविरोधी यंत्रणा चुकून हृदयाच्या झडपांवर उलटलेली असते. दाटीची घरे, ओल, एका खोलीत झोपणारी सहा-सात माणसे असे जिथे असेल तिथे हा जीवाणू फोफावतो. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या आवारात, शेताच्या कडेला उभ्या राहणाऱ्या कोप्यांमध्ये राहणारी मुले या वयाचीच असतात. त्यांची शाळा सुटलेली असते आणि घसादुखीचा दवाखाना म्हणजे रस्त्यावरचे पहिले मेडिकल.

एकदा सांधेताप आला की तो पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. ते वर्षानुवर्षे, झडप बिघडली असेल तर कित्येकदा चाळिशीपर्यंत चालू ठेवावे लागते. औषध जुने आहे, स्वस्त आहे, आणि प्रत्येक वेळी दुखते. मूल वरून ठणठणीत असते, त्यामुळे आई-वडिलांना वाटते, 'आता कशाला टोचायचं?' इंजेक्शने सुटतात. पुढचा प्रत्येक ताप झडपेवर नवा व्रण ठेवून जातो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांमधून मुलांची तपासणी करतात आणि या तपासणीच्या यादीत सांधेतापाचा हृदयविकार आहे. शाळेत एक डॉक्टर स्टेथोस्कोप घेऊन येतो, तेव्हा गुठळीची वाट अडवण्याची पहिली संधी येते. ज्या मुलाच्या हृदयात आवाज ऐकू आला त्याची पुढची इको तपासणी खरेच झाली का आणि इंजेक्शने चालू आहेत का, हे विचारणारे कोणी असेल तरच त्या संधीचा उपयोग.

झडप हळूहळू जाड होते, तिच्या पाकळ्या कडेने चिकटतात. डाव्या अलिंदातून निलयात जाण्याची वाट एरवी चार ते सहा चौरस सेंटिमीटरची; ती दीडवर, एकवर येते. मुलगी मात्र शेतात राबते, पाणी भरते, तिला काही वाटत नाही. दम लागतोच, तर तो अशक्तपणामुळे असे सांगितले जाते. लग्न होते. पहिल्या गरोदरपणात शरीरातले रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढते आणि आकसलेली झडप ते पेलू शकत नाही. सातव्या महिन्यात पायऱ्या चढवेनात, रात्री आडवे होता येईना, अशी बाई रुग्णालयात येते आणि तिथे पहिल्यांदा 'व्हॉल्व्हचा आजार' हे शब्द घरात शिरतात. सासरची माणसे विचारतात, 'आधी का नाही सांगितलं?' आधी कुणाला ठाऊकच नव्हते, हे उत्तर पुष्कळदा खरे असूनही पटत नाही. म्हणून गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत पोटाबरोबर छातीलाही स्टेथोस्कोप लावणे, ही वाटेवरची दुसरी संधी.

उपचार आहेत, आणि या भागात त्यांची परंपराही आहे. विल्यम वॉन्लेस या मिशनरी शल्यचिकित्सकाने १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले आणि रेल्वेचे हे जंक्शन पाहता पाहता दवाखान्यांचे गाव झाले. कर्नाटक-गोव्यापासून रुग्ण तिथे उतरू लागले. १९६२ मध्ये मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. कऱ्हाडला कृष्णा रुग्णालय आणि त्याचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे जिल्हा रुग्णालय आहे. चिकटलेली झडप मांडीतल्या शिरेतून नेलेल्या फुग्याने उघडण्याची पद्धत जपानचे कांजी इनोऊए यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. 'फुग्याचं ऑपरेशन' या नावाने ती आता गावोगाव माहीत आहे. फुग्याने भागत नसेल तर झडप बदलावी लागते. परदेशी झडपेची किंमत परवडत नव्हती त्या काळात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूने भारतीय बनावटीची धातूची झडप घडवली. ती डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा माणसात बसवली गेली आणि देशभरातल्या गरीब रुग्णांच्या हृदयात आज ती टिकटिक करते आहे. शस्त्रक्रियेचा खर्च आता पुष्कळांना महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून मिळतो.

अडचण शस्त्रक्रियेनंतर सुरू होते. अनियमित ठोका असेल किंवा धातूची झडप बसवली असेल, तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि ती गोळी रक्ततपासणीशिवाय घेणे धोक्याचे असते. योजना शस्त्रक्रियेचे पैसे देते. दर महिन्याची तपासणी, त्यासाठीचे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी रुग्णाच्या घरातून जाते.

या गोळीचा जन्म गोठ्यात झाला. १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात स्वीट क्लोव्हर नावाचा सडलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत होती. फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताचा दुधाचा कॅन घेऊन तिथल्या विद्यापीठात आला. कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातले रसायन वेगळे काढायला सहा वर्षे घेतली. त्यातून तयार झालेले वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झाले. त्याच कुळातले, पण शरीरातून लवकर बाहेर पडणारे एसिनोकुमरॉल भारतात जास्त चालते. आपल्याकडचे रुग्ण त्याला 'एसिट्रोम' या कंपनीने दिलेल्या नावानेच ओळखतात. ही औषधे 'के' जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतात, त्यामुळे यकृतात तयार होणारे रक्त गोठवणारे घटक कमी पडतात.

किती कमी पडले हे आयएनआर या आकड्यावरून कळते. जगातल्या सगळ्या प्रयोगशाळांचे निकाल एकमेकांशी जुळावेत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये हे मोजमाप स्वीकारले. निरोगी माणसाचा आयएनआर एकच्या आसपास असतो. अनियमित ठोक्यासाठी तो दोन ते तीन, आणि डाव्या बाजूच्या मिट्रल झडपेच्या जागी धातूची झडप असेल तर साधारण अडीच ते साडेतीन असावा लागतो. खाली गेला तर गुठळी, फार वर गेला तर मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव. या अरुंद पट्ट्यात वर्षानुवर्षे राहणे हे रुग्णाचे खरे काम, आणि त्याला सांभाळून घेणे हे आरोग्ययंत्रणेचे.

पट्टा कशाने सुटतो हे ठाऊक असले पाहिजे. हिवाळ्यात हरभऱ्याची भाजी, मेथी, चाकवत, पालक भरपूर खाल्ली तर 'के' जीवनसत्त्व वाढते आणि गोळीचा जोर कमी होतो. त्यावर भाज्या बंद करणे हा उपाय नाही. वर्षभर प्रमाण सारखे ठेवायचे. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल किंवा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी को-ट्रायमोक्साझोल सुरू केले की आयएनआर वर उसळतो. क्षयरोगाच्या उपचारातले रिफॅम्पिसिन तो खाली ओढते, आणि ते औषध थांबल्यावर गोळी कमी केली नाही तर काही आठवड्यांत रक्तस्राव होतो. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅकसारखी गोळी पोटातून रक्तस्राव घडवते. हळदीच्या पेठेसाठी नाव कमावलेल्या सांगलीत हे सांगायला हवे की भाजीतली हळद चालते, अर्क काढलेल्या कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत. दात काढायचा म्हणून चार दिवस गोळ्या बंद करणे ही दुसरी नेहमीची चूक. त्या चार दिवसांतही गुठळी धरू शकते.

त्यात स्थलांतर येते. खानापूर-आटपाडीची गलाई व्यावसायिकांची कुटुंबे सोनेचांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर विखुरली आहेत. पाटण-जावळीची माणसे नवी मुंबईच्या बाजारपेठेत माथाडी काम करतात. कोयनेच्या फुगवट्यापलीकडच्या कांदाटी खोऱ्यातून तपासणीला निघायचे तर आधी लाँच गाठावी लागते. यांची तपासणी एका गावी, औषधाची चिठ्ठी दुसऱ्या गावची, आणि डोस बदलण्याचा सल्ला फोनवर. म्हणून तारीख, आयएनआर आणि गोळीचा डोस एवढे तीनच रकाने असलेली साधी वही रुग्णाजवळ असणे कुठल्याही महागड्या तपासणीइतके मोलाचे आहे. ती वही पाहून सांगलीचा डॉक्टर जे समजेल तेच कोइमतूरचाही समजेल.

'नवीन गोळ्या आल्यात, त्यांना तपासणी लागत नाही' असे रुग्णांच्या कानावर येते. ते अर्धे खरे आहे. डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबॅन, अॅपिक्साबॅन ही औषधे २००९ ते २०११ या काळातल्या मोठ्या चाचण्यांतून पुढे आली. म्हातारपणाच्या वाटेवरच्या रुग्णांना ती वॉरफरिनइतकीच उपयोगी ठरली, मेंदूतला रक्तस्राव त्यांच्यात कमी आढळला, आणि भारतीय कंपन्यांच्या उत्पादनामुळे त्यांच्या किमतीही उतरल्या. पण सांधेतापाच्या रुग्णांवर त्यांची मोठी चाचणी व्हायला २०२२ उजाडले. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या २४ देशांतले सुमारे साडेचार हजार रुग्ण तिच्यात होते, त्यांत भारतीयही होते. सरासरी वय पन्नास, बहात्तर टक्के स्त्रिया. रिव्हारोक्साबॅन निदान जुन्या गोळ्यांइतके चांगले ठरेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात जुन्या कुळातल्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी झाले. धातूच्या झडपेत तर डॅबिगॅट्रान घातक असल्याचे २०१३ मध्येच कळले होते. आकसलेल्या मिट्रल झडपेच्या आणि धातूची झडप बसवलेल्या रुग्णांनी शेजाऱ्याची गोळी पाहून आपली बदलू नये, हा त्याचा व्यवहारातला अर्थ. धातूची झडप असलेल्या आणि मूल होऊ देण्याचा विचार करणाऱ्या स्त्रीला आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी : गरोदरपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात वॉरफरिनच्या कुळातली औषधे गर्भाला अपाय करू शकतात. म्हणून डॉक्टरांशी बोलणे दिवस जाण्याआधी व्हावे, आणि गोळी स्वतःहून कधीही बंद करू नये.

आता पहिली वाट, म्हातारपणाची. पंचाहत्तरीच्या आजोबांना रक्तदाब आहे, साखर आहे. अनियमित ठोका त्यांना कळतही नाही, किंवा कधीमधी 'छातीत फडफडतं' एवढेच ते सांगतात. ठोका मधूनच बिघडतो आणि मधूनच सुधारतो, त्यामुळे दवाखान्यात काढलेला ईसीजी नेमका चांगला येतो. धोका मात्र कमी होत नाही. अशा रुग्णाला गोळी लागेल की नाही, हे वय, रक्तदाब, मधुमेह, हृदय कमजोर पडणे, पूर्वीचे अर्धांग यांची बेरीज करून ठरवतात. 'अॅस्पिरिन चालू आहे की' या उत्तरावर समाधान मानले जाते, आणि इथे सर्वांत जास्त नुकसान होते. वॉरफरिनने अर्धांगाचा धोका जवळजवळ दोन-तृतीयांशाने घटतो. अॅस्पिरिनने जेमतेम पाचवा हिस्सा घटतो आणि रक्तस्रावाचा धोका उरतोच.

ही वाट अडवायला लागणारे साधन प्रत्येकाकडे आहे. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवायची आणि पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले तर आकडा मिळतो, पण ताल निसटतो. ठोके बेताल वाटले तर ईसीजी काढायचा. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या मार्गाने सातारा जिल्ह्यातून जाते, तेव्हा जागोजागी आरोग्य शिबिरे लागतात आणि साठीच्या पुढचे हजारो वारकरी रक्तदाब मोजून घेतात. यंत्राचा पट्टा सोडल्यावर तोच हात आणखी एक मिनिट धरला, तर दुसऱ्या कोणत्याही मोहिमेपेक्षा जास्त बेताल नाड्या तिथे सापडतील.

एवढे करूनही गुठळी सुटली तर वेळेचा हिशेब सुरू होतो. मोठी रक्तवाहिनी बंद झाली की मेंदूच्या सरासरी १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. नळीने गुठळी ओढून काढण्याची सोय २०१५ नंतर मोठ्या शहरांत रुळली. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, जीभ जड झाली की १०८ ला फोन करायचा आणि लक्षण कधी सुरू झाले ती वेळ लिहून ठेवायची. माणूस रात्री नीट झोपला आणि सकाळी तसा आढळला, तर 'शेवटचा चांगला कधी पाहिला' ही वेळ सांगायची. तोंडात पाणी किंवा गोळी घालायची नाही, कारण गिळण्याची क्रिया बंद पडलेली असू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हे पहिल्याच वाक्यात सांगायचे. आयएनआर वाढलेला असताना ते इंजेक्शन देता येत नाही. पारव्याचे रक्त चोळणे, लकव्याचे औषध देणाऱ्या गावी नेणे यांत जे तास जातात ते परत मिळत नाहीत. त्या औषधांनी बरे झालेले लोक दाखवले जातात, हे खरे आहे. काही रुग्ण आपोआप सुधारतात. पण ज्या हृदयातून पहिली गुठळी आली त्यातून दुसरी येऊ शकते, आणि चोळण्याने ती अडत नाही.

वाचकाने हे पुस्तक आपल्या घराच्या गरजेप्रमाणे वाचावे. ज्यांच्या घरी झडपेचा रुग्ण आहे त्यांनी आयएनआर आणि आहाराच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. ज्यांच्या घरी साठीच्या पुढचे कोणी आहे त्यांनी नाडीच्या प्रकरणापासून. आशा सेविका, शिक्षक आणि मेडिकल दुकानदार यांनी मात्र सगळे वाचावे, कारण गुठळीच्या वाटेवर डॉक्टरांच्या आधी हे तिघे उभे असतात.

एक मागणी या निमित्ताने लिहून ठेवायला हवी. या दोन जिल्ह्यांत झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी शासन खर्च करते. त्या शस्त्रक्रियेचे फळ टिकवणारी आयएनआर तपासणी तालुक्याच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात, ठरलेल्या वारी, मोफत मिळाली पाहिजे, आणि तिचा निकाल वाचून डोस सांगणारा डॉक्टर त्याच दिवशी तिथे हजर असला पाहिजे. बेंझाथिन पेनिसिलिन प्राथमिक आरोग्य केंद्रात कधीही संपता कामा नये. यासाठी नवे शोध, नवी यंत्रे, नव्या इमारती लागत नाहीत. बोटाच्या एका थेंबावर आयएनआर दाखवणारी छोटी यंत्रे उपलब्ध आहेत, पेनिसिलिनचे औषध सत्तर वर्षांहून जुने आहे, आणि मनगट तर प्रत्येकाला आहे. आजार कळलेला आहे, औषध ठरलेले आहे, रुग्ण कोणत्या गावात आहेत हेही शोधता येण्यासारखे आहे. यापुढे या दोन जिल्ह्यांत चाळिशीच्या आतल्या एखाद्या बाईच्या अंगावरून वारे गेले, तर ती नशिबाची गोष्ट म्हणून सोडून देऊ नये. तिची इंजेक्शने कुठे सुटली आणि तिची तपासणी कोणत्या महिन्यात राहिली, हे ग्रामसभेत विचारले जावे. असे प्रश्न विचारणारे वाचक या पुस्तकाने तयार केले, तर त्याचे काम झाले.